सोपी साखर संपल्यावर

वाशीम. साल पंच्याहत्तर, दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हजर: जीवशास्त्राचे सर, त्यांची सहायक म्हणजे मी, मेडशी गावची एक विद्यार्थिनी आणि तिला घरी न्यायला आलेले तिचे वडील.

सर बोलण्याआधी चष्मा कपाळावर सरकवत. "पेशीला सगळं येतं, पण ती सगळं करत नाही. डोळ्याच्या पेशीकडे नखाची कृती असते. उगवलं का कोणाच्या डोळ्यात नख?" असं म्हणून पुढच्या बाकावरच्याच्या डोळ्यात खरंच वाकून बघत. असा एखादा मास्तर तुम्हालाही भेटला असेल.

मुलगी सहामाहीत नापास झाली होती. गावात सगळं मराठीतून शिकलेली, इथे पुस्तकं इंग्रजी. तिला राहायचं होतं, पण बापापुढे तोंड उघडत नव्हतं.

"सर, पोरीले घेऊन जातो. डोकं चालत नाही, तं कायले ठेवू?"

"बसा भाऊ. आमचे जंतू जेवून राह्यले. त्यांचं होऊ द्या."

जंतूंच्या चंबूत दोन साखरा होत्या, एक सोपी ग्लुकोज आणि एक दुधातली. पाणी जितकं गढूळ, तितके जंतू जास्त. मुलगी यंत्रावर गढूळपणा मोजून आलेखावर ठिपके देत होती. सकाळपासून चढणारी रेघ आता आडवी झाली होती.

वडिलांनी मान हलवली. "मेले वाटते सारे."

"मेले नाही. ग्लुकोज संपलं. दुधाची साखर फोडायची कृती त्यांच्याकडे होतीच, पण इतका वेळ कुलूपबंद. आता कुलूप काढून हत्यारं बनवून राह्यले."

मी चहा आणला. तो संपला तरी रेघ आडवीच. सर निवांत. मग मुलगी ओरडली, "सर, चढलं!"

वडील आलेखावर वाकले. "म्हंजे खाणं बदललं म्हणून थांबले होते?" त्यांनी पोरीकडे पाहिलं. "राहू द्या हिले. उन्हाळ्यात पाहू."

उन्हाळ्यात ती पास झाली. त्याच दिवशी तिने विचारलं, "सर, माणसाच्या पेशीतलं कुलूप कोण उघडतं?"

सरांनी भिंतीवर काळ्या फळीचा तक्ता लावला. डावीकडे 'जंतू', उजवीकडे 'माणूस'. डावी बाजू त्यांनी स्वतः पांढऱ्या रंगाने भरली. "उजवी अजून कोणालाच धड ठाऊक नाही. ती तू भर."

सर पुढच्याच वर्षी वारले. ती आता नागपूरला एम.एस्सी. करते. सुट्टीत आली की खडू घेऊन तक्त्यासमोर उभी राहते, एखादी ओळ लिहिते, पुसते. मी तक्ता दर सोमवारी झटकते. उजवी बाजू भरायची आहे.