लेडीज क्लासच्या दारातली आक्का

"आन हिकडं. तू पिच्चर बघ."

अंधारात हे शब्द आले की पाठोपाठ दोन हात यायचे आणि मांडीवरचं रडणारं पोर उचलून घेऊन जायचे. सत्तरच्या दशकात सोलापुरात लेडीज क्लासला बसून सिनेमे पाहिले असतील, तर असे हात तुम्हालाही आठवतील. आमच्या थिएटरात ते आक्काचे होते.

थिएटर म्हणजे बाजारातल्या छोट्याशा शॉपिंग सेंटरचा वरचा मजला. खाली चादरी, बांगड्या, भांडी, वर नायक-नायिका. बायकांचा जिना वेगळा आणि जिन्याच्या टोकाला लेडीज क्लासचं दार. तिथं तिकिटं फाडणं एवढंच आक्काचं काम. पोरं सांभाळायला तिला कुणी नेमलं नव्हतं. पण पोर रडलं की पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या सुरू होत आणि आई बिचारी उठून बाहेर जाई. ते आक्काला बघवायचं नाही. मग तीच पोराला घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारायची.

ती दुधनीकडची, म्हणजे कानडी तिच्या घरचीच. तेलुगू आणि उर्दू तिने सिनेमाला येणाऱ्या बायकांकडून उचललेली. पोर खांद्यावर घेतलं की आधी त्याचं रडणं ऐकायची. "हे कानडी रडतंय की," असा निकाल देऊन "अळबॅड, अळबॅड", म्हणजे रडू नको, सुरू करायची. गुण आला नाही तर उर्दूत "रो नक्को". निकाल बहुतेक वेळा चुकायचा, पण पोर झोपायचं. आमच्या मूळच्या पुण्याच्या, सदाशिव-नारायण पेठवाल्या घराण्याच्या वंशाच्या दिव्याला तिने तेलुगूत झोपवलं. मी अंगाई म्हणाले की तो जास्त रडायचा. माझ्या आवाजाबद्दल घरात आधीपासूनच शंका होती, ती मिटली.

एकदा तिने अंधारात परत आणून दिलेलं बाळ मी मध्यंतरापर्यंत प्रेमाने थोपटलं. दिवे लागले तेव्हा शेजारी बसलेल्या, खालच्या बांगड्यांच्या दुकानातल्या भाभी माझ्या मांडीकडे बघत होत्या आणि मी त्यांच्या. आमची बाळं बदलली होती. आक्काला बोलावलं, तर ती म्हणाली, "दोन्हीबी गप होती न्हवं? मग झालं की." सासूबाईंनी पुढे ही हकिकत घरातल्या प्रत्येक लग्नात सांगितली. त्यात आक्काला दोष नसायचा. भाभी आणि मी मात्र त्या दिवसापासून मैत्रिणी झालो.

मी एकदा आक्काला म्हटलं, तुझी चैन आहे, सगळे सिनेमे फुकट. त्यातला सगळ्यात चांगला कुठला?

"बघितलाय कुटं?" ती म्हणाली. "नावं येत्यात तंवर कुनीतरी रडतंय. बाकीचा दाराआडनं ऐकते. एक तरी पिच्चर पयल्यापास्नं शेवटापतूर बसून बघायचा हाय बग."

थोड्याच दिवसांत बातमी आली, थिएटर बंद होणार, वर मंगल कार्यालय होणार. भाभींनी आणि मी ठरवलं. शेवटच्या आठवड्यात दुपारचा खेळ गाठून आक्काला खुर्चीवर बसवायचं आणि पोरं आपल्यापैकी कुणीतरी बाहेर सांभाळायची. तो सिनेमा मी आधीच पाहिला होता, आणि सगळ्यांना तसं मिरवून सांगितलंही होतं. त्यामुळे पोरं माझ्याकडे आली.

आक्का बसेना. माझं काम हाय ते, म्हणत राहिली. शेवटी भाभींनी तिला खांद्याला धरून बसवलं. "आक्का, आज तुमे बैठनाच. उठे तो पदर खींच को बिठातूं."

मी व्हरांड्यात चादर अंथरून पोरं मांडली. एक रडलं. त्याचं ऐकून दुसरं. मग सगळ्यांनीच सूर धरला. मी "अळबॅड" म्हटलं, "रो नक्को" म्हटलं, अखेर अंगाईचं शस्त्रही काढलं आणि उरलेली शांतताही गेली. आवाज आत जाऊ नये म्हणून एकाला कडेवर घेऊन दाराला पाठ लावून उभी राहिले. भाभींनी नंतर सांगितलं, पोरं रडली की आक्का अर्धी उठायची आणि त्या पदर ओढायच्या. शेवटी शेवटी बाहेर नुसता आकांत चालला होता, तेव्हा त्यांनी पदर घट्ट धरून ठेवला होता. पण आक्का उठलीच नाही.

पुढे थिएटरला कुलूप लागलं आणि आक्का गावी लेकीकडे गेली. ती पुन्हा भेटली नाही. मला दिसते ती त्या दुपारचीच.

खेळ सुटला. दार उघडलं आणि सगळ्यांच्या आधी आक्का बाहेर आली. डोळे लाल, नाक लाल. माझ्या कडेवर एक, पायांत दोन, सगळी बेंबीच्या देठापासून ओरडत होती. मी मोठ्या आशेने तिच्याकडे पाहिलं. ती आमच्या जवळून गेली. आम्ही तिला दिसलोही नाही, ऐकूही आलो नाही. कठडा धरून ती एकेक पायरी उतरत राहिली, आणि भांड्यांच्या दुकानापाशी पोचल्यावर पदराने डोळे पुसून एकटीच हसली.