कोणाकडून ऐकलंत?

समोरचे घर धडधडून जळत असताना ‘आग लागल्याचे तुम्हांला सांगितले कोणी?’ अशी विचारणा करणारा मनुष्य पृथ्वीच्या पाठीवर एकच जन्मला, आणि अल्लाने त्याला नेमके माझ्या मामूंच्या घरी पाठवले. तो माझा मामेभाऊ. त्याच्याविषयी लिहिताना मी फार जपून लिहितो आहे. कारण हे त्याच्या हाती पडले तर तो प्रथम मजकूर वाचणार नाही, लिहिणाऱ्याची लायकी तपासील. निदान एके काळी त्याने तसेच केले असते.

ऐंशीच्या दशकातली ही हकिकत आहे. सावर्ड्याजवळच्या आमच्या खेड्यातून मी शिक्षणासाठी रत्नागिरीला मामूंकडे येऊन राहिलो होतो. खाडीकाठच्या एका मदरशात आम्ही दोघे आलिमच्या, म्हणजे धर्मपंडिताच्या, अभ्यासक्रमाच्या वरच्या वर्गांत होतो. आमच्या वयाची इतर मुले कॉलेजात पदवीच्या ज्या पायरीवर उभी असतात, साधारण त्याच पायरीवर आम्ही होतो. फरक इतकाच की ती मुले पायरीवर उभी राहून सिगारेट ओढत आणि आम्ही अरबी क्रियापदांची रूपे घोकत असू. व्याकरण झाले, तर्कशास्त्र झाले, फिकह म्हणजे धर्माचे कायदे झाले. या साऱ्यांतून माझा मामेभाऊ सज्जन विद्यार्थ्यासारखा पार पडला. मात्र हदीसच्या वर्गात रावींचे शास्त्र सुरू झाले आणि तो कामातून गेला. प्रेषितांचे वचन पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या तोंडून आपल्यापर्यंत आले, त्या सांगणाऱ्यांना रावी म्हणतात, त्यांच्या कथनाला रिवायत आणि त्यांच्या साखळीला सनद. त्यातला प्रत्येक माणूस खरे बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती धड होती का, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याची व याची भेट तरी झाली होती का, याची कठोर छाननी करणारे हे शास्त्र आहे. पूर्वजांनी ते अत्यंत पवित्र हेतूने रचले. माझ्या मामेभावाने ते मोहल्ल्याला लावले.

एका सकाळी मामींनी आनंदाने सांगितले, की बंदरावर बांगडा अगदी स्वस्त झाला आहे. “कुनाकडनं ऐकलंस?” त्याने पुस्तकातून मान वर न करता विचारले. शेजारणीकडून. शेजारणीने? तिच्या मुलाकडून. मुलाने? एका रिक्षावाल्याकडून. मामेभावाने पुस्तक मिटले. “तिचा पोरगा काल सकाळधरनं देवरूखला हाय. रिक्षावाल्याची आनि त्याची भेट साबीत होत नाय. सनद तुटली.” मामी पिशवी हातात घेऊन दारात थांबल्या. तेवढ्यात मुलगा देवरूखला गेला ही बातमीसुद्धा त्याला कोणी दिली, असा प्रश्न मी भाबडेपणाने विचारला आणि चर्चा लांबली. ती संपली तेव्हा बंदरावरचा बांगडाही संपला होता. त्या दिवशी आम्ही डाळ-भात जेवलो, आणि मामी आम्हां दोघांशीही बोलल्या नाहीत.

हळूहळू त्याने सगळ्या मोहल्ल्याला दर्जे देऊन टाकले. मशिदीत बांग देणारे वृद्ध बांगीसाब ‘सच्चे, परंतु उतारवयात स्मरण बिघडलेले’. नाक्यावरचा किराणा दुकानदार ‘विश्वासार्ह, वजनाची बाब वगळून’. देवरूखच्या एस.टी.चा कंडक्टर ‘अन्य विषयांत ग्राह्य, गाडीच्या वेळेविषयी त्याज्य’. हे दर्जे तो मनात ठेवत असता तर काही बिघडले नसते. पण छाननी लपवणे हा या शास्त्रात अपराध आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत असल्यामुळे तो ज्याचा दर्जा त्यालाच आदबीने सांगत असे. मी एकदा भीत भीत माझा दर्जा विचारला. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, “तुझ्यात हरकत घेन्यासारखं काय नाय.” ही त्या शास्त्रातली अधिकृत श्रेणी आहे: वरची नव्हे, अगदी खालचीही नव्हे. आता पन्नाशी ओलांडल्यावर रात्रीच्या नमाजानंतर मी स्वतःचा झाडा घेत बसतो, तेव्हा मला वाटते, की इतके अचूक माप माझे पुढे कोणीही घेतले नाही.

सर्वांत खालचा दर्जा होता मासळी विकणाऱ्या हलीमाचाचीचा. ‘मतरूक’, म्हणजे जिचे कथन मुळीच विचारात घेऊ नये अशी. चाचीने एकदा शिळी सुरमई, स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून, शपथेवर ताजी म्हणून मामींच्या गळ्यात मारली होती. तेव्हापासून मामींनी तिच्याशी बोलणे टाकले, आणि मामेभावाने तिला शास्त्रातून टाकले. चाची भर रस्त्यात हाक मारून विचारायची, “काय रं मौलवी, मी अजून मतरूकच काय?” हा खाली मान घालून म्हणायचा, “हाव चाची.”

त्याच्या या निष्ठेला पाहुणाही अपवाद नव्हता. आमचे हदीसचे उस्ताद उत्तरेकडचे, हनफी मताचे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. समुद्रातून जे निघेल ते आम्हांला चालते, त्यांना मात्र समुद्रातला फक्त मासा चालतो. मामींना ही बारीक भानगड ठाऊक नव्हती. मामूंनी उस्तादांना जेवायला बोलावले, तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेने कुर्ल्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, रस्सा केला आणि पाहुण्याला कवच फोडण्याची तसदी नको म्हणून गाळून वाढला. उस्तादांनी भाकरीचा घास रश्श्यात बुडवला. माझा मामेभाऊ घामाघूम झाला. एकीकडे आईची अब्रू, दुसरीकडे गुरूचा मजहब. घास ओठांशी पोहोचला आणि तो कळवळून म्हणाला, “उस्ताद, इस शोरबे की सनद केकडे तक पहुँचती है!” घास तिथेच थांबला. मग उस्ताद डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि लोणच्याशी भाकरी खाऊन तृप्त होऊन गेले. मामी मात्र पडद्याआडून बराच वेळ म्हणत होत्या, “पावन्याच्या तोंडचा घास काडलान मेल्यान!”

अशा मनुष्याच्या लग्नाची वेळ आली.

शेवटच्या वर्षी एका नातेवाइकाच्या लग्नाला आम्ही जयगडला गेलो. तिथे त्याने एका तांडेलांची, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या होडीच्या कप्तानाची, मुलगी पाहिली. पाहिली म्हणजे काय, तिने वऱ्हाडाला सरबत दिले आणि याने ते घेतले. परत आल्यावर दोन दिवस त्याने कोणालाही ‘कुनाकडनं ऐकलंत?’ असे विचारले नाही. मामींनी घाबरून हकिमांना बोलावले. हकिमांनी नाडी धरली, जयगडचे नाव काढले, नाडी उडाली, आणि मामूंनी तिकडे निरोप पाठवला.

तांडेल स्वतः चौकशीला आले. रापलेला चेहरा, बोलणे कमी, आणि मुलगी एकुलती एक. आमच्याकडे स्थळाची चौकशी मुलाच्या घरी करत नाहीत, मोहल्ल्यात करतात. जुम्म्याच्या नमाजानंतर मामूंनी मला त्यांच्यासोबत वाट दाखवायला पाठवले. निघताना मामेभावाने माझी बाही धरली. “काय बोल्तील रं लोक?” मी म्हणालो, “खरं तेच बोलतील.” तेवढ्याने त्याला धीर आला नाही.

पहिला किराणा दुकानदार. तांडेलांनी विचारले, “ह्याच्या मामूंचा पोरगा कसा हाय?” दुकानदाराने सावकाश पुडी बांधली. “आमाला कशाला इचारताव? आमची बात वजनात बसत नाय, असा तुमचा जावयच बोल्तो.” पुढे बांगीसाब. ते तसबीहचे मणी ओढत गोड हसले. “माजी याद बिघडलेली हाय, तांडेलानू. काय चांगलं आठवलं तरी ता धरू नका.” कंडक्टर थांब्यावरच भेटला, त्याने घंटी वाजवली आणि गाडी, कधी नव्हे ती, वेळेवर सोडली. वाईट असे कोणीही बोलले नाही. चांगलेही कोणी बोलले नाही. त्यांना मामेभावाचे वाकडे करायचे नव्हते, थोडी मजा करायची होती, हे मला कळत होते. पण स्थळाच्या चौकशीत निंदा परवडते, मौन परवडत नाही. तांडेलांचा चेहरा घराघरागणिक उतरत गेला. “अख्ख्या मोहल्ल्यात एक मानूस पोराला बरा म्हनत नाय,” ते म्हणाले. मी चांगले बोललो असतो, तरी उपयोग नव्हता. मी आतेभाऊ, नातलगाच्या स्तुतीला या शास्त्रात काय किंमत!

तेवढ्यात कोपऱ्यावरून हाक आली. हलीमाचाची टोपली घेऊन बसली होती. “कुनाची चौकशी? मौलवीची? बसा हय!” आणि तिने सुरू केले. तिचा पाय मुरगळला होता, पाणी आणायला कोणी नव्हते, तर हा मुलगा न सांगता, न बोलता, रोज विहिरीवरून हंडे आणून तिचा रांजण भरून जात असे. आभार मानायला तोंड उघडले, तर वर बघतसुद्धा नसे. “फरिश्ता हाय फरिश्ता!” तिने डोक्यावर हात ठेवला. तो हात पाहून मला सुरमई आठवली. तांडेल मात्र दिवसात प्रथमच हसले.

घरी येऊन त्यांनी ती सारी हकिकत मामूंना सांगितली आणि चहाचा कप उचलला. मामूंचा चेहरा उजळला. मी मामेभावाकडे पाहिले. तो पांढराफटक पडला होता. त्याला हवे ते सगळे हाताशी आले होते. त्याने फक्त गप्प बसायचे होते. त्याने छताकडे पाहिले, जमिनीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी डोळ्यांनी विनवले. तो उभा राहिला.

“तांडेलचाचा, ही रिवायत बनावट हाय. मी तिच्या घरात कवाच पानी भरलं नाय.”

मामूंनी डोळे मिटले. तांडेलांनी कप खाली ठेवला, हळूच उठले आणि दारात जाऊन वहाणा पायांत सरकवू लागले. आणि त्याच दारात, निकाल ऐकायला मागोमाग आलेली हलीमाचाची उभी होती.

“मना खोटी बोल्तंस?” तिने टोपली आपटली. “मासली इकताना बोल्ते मी खोटं, ता माजं पोट बोल्ते! उरसाच्या आदी माजा पाय मुरगलला, तवा रांजण कुनी भरला? तुज्या बापान?”

मामूंनी डोळे उघडून घाईघाईने नकारार्थी मान हलवली. इतक्यात पडद्याआडून मामींचा आवाज आला. सुरमईनंतर प्रथमच त्या चाचीशी बोलत होत्या.

“हलीमा, उरसाच्या आदी बोललीस?”

“हाव!”

“अगो बाय माजे! तवाच माजा रांजण रोज रिकामा! आनि ह्यो शपत घेऊन सांगायचा, भरला म्हनून! मी खोटारडा बोलले तर रांजण गलतो म्हनून त्याला सिमिट लावत बसला!”

सगळे मामेभावाकडे पाहू लागले. मला ते दिवस लख्ख आठवले. परीक्षा जवळ आली होती आणि शेकडो रावींची नावे पाठ करायची होती. हा पहाटे मामींचे हंडे घेऊन विहिरीवर जाई आणि परतताना ओठांत नावे पुटपुटत येई: अमुक अमुकाचा मुलगा, त्याने अमुकाकडून ऐकले. विहिरीवरून येताना चाचीचे घर आमच्या अलीकडे लागते, आणि दारे दोन्ही घरांची निळी.

तो परीक्षेत उत्तर द्यावे तशा आवाजात बोलू लागला. “दोन बाया. एकमेकींशी बोलनं बंद, म्हंजे आपसात ठरवलेलं नाय. दोघींची बात जुलते.” तो चाचीकडे वळला. “चाची, रिवायत सही हाय. कच्चा रावी मी हाव.”

चाचीने विजयाने कमरेवर हात ठेवले. इथे तो थांबला असता तर तो माझा मामेभाऊ कसला? “पन तांडेलचाचा,” तो पुढे म्हणाला, “ता चुकून झालं. माजी नियत नव्हती. ह्यात अल्लाकडं माजा काय सवाब जमा झाला नाय, ता ध्यानात घ्या.”

तांडेल वहाणा घालायचे थांबले. “रांजण भरला का नाय?”

“भरला.”

“मंग नियतीचा हिसाब वरचा बघंल. माज्या पोरीला पानी भरनारा व्हया होता.” आणि त्यांनी वहाणा पुन्हा काढून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मामेभाऊ चाचीची माफी मागायला गेला. ती म्हणाली, “माफी र्‍हाऊंदे, दोन सुरमई घे.” त्याने मासे कधीचे, हे न विचारता घेतले. ते आम्हांला खाडीत टाकून द्यावे लागले. पण त्याने तक्रार केली नाही.

त्याच्यातला बदल त्याच दिवसापासून सुरू झाला. स्वतःच्या हातांनी केलेली गोष्ट ज्याला आठवत नाही, त्याने दुसऱ्यांच्या आठवणी काय तपासायच्या, असे त्याने मनाला लावून घेतले. आज तो जयगडजवळ एका छोट्या गावात मुलांना शिकवतो. गावात त्याच्याइतका लाडका मनुष्य नाही. कोणीही येऊन काहीही सांगावे, त्याने मान डोलवावी. वहिनी, म्हणजे तांडेलांची ती मुलगी, हसून म्हणतात, “आता ह्यांना कोन पन गुंडालतो.” सगळे म्हणतात, केवढा निवळला. मीही तेच म्हणतो; आणि म्हटल्यावर मला उगाच एकटे वाटते.

गेल्या ईदला त्याच्या ओटीवर बसलो असताना मला राहवले नाही. मुद्दाम, डोळ्याला डोळा भिडवून सांगितले, की परवा जेटीपाशी एक भला मोठा देवमासा आला आणि त्याने वर येऊन लोकांना सलाम केला. आता तो विचारील म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्याने माझ्याकडे शांतपणे, जरा जास्तच वेळ पाहिले. मग माझ्या कपात चहा ओतला.

“तू सांगतंस ना,” तो म्हणाला. “मंग केला असंल.”

खोटे सांगितले, असे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. चहा फार गोड होता.