वहीत नसलेले वाचक

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेनऊ वाजता, आमच्या वाचनालयाच्या म्हाताऱ्या ग्रंथपालांवर अन्याय झाला. करणारे तिघे होते आणि त्यांत मी होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं ढोंग होईल.

त्या वर्षी मी नुकताच कार्यकारी मंडळात गेलो होतो. पत्रकं लिहून लिहून जीभ तिखट झालेली. वर्तमानपत्रं ठेवायला जागा नाही आणि कोपऱ्यातलं कपाट शिळाछापाच्या जुनाट पुस्तकांनी अडवलेलं, याचा मला संताप होता. दगडावर उलटं लिहून छापलेली ती पुस्तकं. काहींची पानं पोथीसारखी सुटी, फडक्यात बांधलेली. मी ठराव मांडला: देवघेवीच्या वहीत दहा वर्षांत ज्याची नोंद नाही, ते रद्दी. वही उघडली. त्या कपाटातल्या एकाही पुस्तकाची नोंद निघाली नाही.

"वही काय बघतोस? पुस्तक बघ," ग्रंथपालकाका म्हणाले.

"काका, ह्यांना कसरीशिवाय वाचक नाही."

"कसर मी आत येऊ दिलेली नाही. तू आलास तेवढाच."

मंडळातले आम्ही तिघे हसलो, आणि चार गठ्ठे मांडवीच्या वाण्याकडे पाठवून दिले.

गुरुवारी नाटे गावचा एक तांडेल, मचव्याचा म्होरक्या, आला. पावसाळ्यात मचवे किनाऱ्यावर ओढलेले असतात, तेव्हा तो रत्नागिरीत लेकीकडे राहायचा. पंच्याला हात कोरडे करून बाकावर बसला. "काका, माझं भरतीओहोटीचं काढा."

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या साहेबांना विचारा."

मी म्हटलं, "तुम्ही वाचता, तर वहीत सही का नाही?"

"सही घरी नेणाऱ्याची, बाबा. जुनं पुस्तक काका उंबऱ्याबाहेर सोडतात कुठं? बारा पावसाळे हितंच बसून वाचतोय."

त्याच बाकावर वैद्य बसत होते, शाळामास्तर बसत होते. काकांनी पुस्तकं जपली म्हणून नोंद नव्हती, आणि नोंद नव्हती म्हणून मी ती रद्दीत काढली होती.

भर पावसात मांडवीला धावलो. तीन गठ्ठे जसेच्या तसे मिळाले. चौथा सुटला होता, त्याच्या पानांत पुड्या बांधून जात होत्या. "असा चिवट कागद आता येत नाही," वाणी कौतुकाने म्हणाला. त्याचे चांगले शब्द मला त्या दिवशी फार लागले.

काका रागावले नाहीत. त्यांनी मला शेजारी बसवलं. जुनं पान दुमडून बघायचं नाही, कानाशी धरून हळूच हलवायचं. चिंध्यांचा कागद मऊ वाजतो. मग उजेडासमोर धरून भोकं बघायची, पानांचे आकडे जुळवायचे. खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, म्हणजे झुरळं फिरकत नाहीत. गठ्ठ्यात वेखंडाची पुरचुंडी. एकदा माझंच एक पत्रक त्यांनी कानाशी धरलं. करकरलं. "पुढचा पावसाळा बघेल हो," म्हणाले, आणि त्यालाही वेखंड लावून ठेवलं.

भरतीओहोटीच्या पुस्तकाची अकरा पानं गेली होती. तांडेलाने तीन पाठ म्हणून दाखवली, ती मी उतरवून घेतली. नारळी पौर्णिमेनंतर तो समुद्रावर गेला. जाताना म्हणाला, "बाकीची आठ मला पण येत नाहीत. ती बघायलाच तर येतो."

आज इतकी वर्षं झाली. काका अजून त्या पुस्तकाचा गठ्ठा पक्का बांधत नाहीत; परत येणाऱ्या पानांसाठी एक गाठ सैल ठेवतात. तांडेल दर पावसाळ्यात येतो, पानं आली का विचारतो, उरलेलं वाचून जातो.

त्या श्रावणात मांडवीहून सुंठ, हिंग, जिरं बांधून नेणारे तुम्हीच आहात. ट्रंकेच्या तळाशी बघा, डब्यांखाली घातलेला कागद बघा. पिवळट, जाड, ठसठशीत काळ्या अक्षरांचं पान दिसलं तर तेलकट असो, फाटकं असो, झटकू नका, दुमडू नका. वाचनालयात आणून काकांच्या हातात द्या.