चिपांचं वाळवण

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी पंधरा दिवस पाणी उकळून प्यावं लागलं, आणि त्याला चाळीस वर्षांपूर्वीचा एक कॉम्प्युटर जबाबदार होता. निदान मी तसं सगळ्यांना सांगत होतो. आता लग्नाला जा, साखरपुड्याला जा, हात धुता धुता कुणीतरी विचारतंच, "काय रे, पाणी अजून उकळता का?" मग पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. मला आता कंटाळा आलाय. म्हणून एकदाच लिहून टाकतो. यापुढे कुणी विचारलं की हा कागद पुढे करीन.

तर आमचे धर्माकाका. वडिलांचे धाकटे भाऊ, राहणार जासई. तरुणपणी ते परदेशी जहाजावर फिटर होते. त्या काळी जहाजावरून येणारे लोक टू-इन-वन आणायचे, साड्या आणायचे. काकांनी एका फेरीत घरगुती कॉम्प्युटर आणला. रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून चालवायचा. सुट्टी संपली तसे काका परत जहाजावर गेले आणि तो कॉम्प्युटर शिकली अनसूयाकाकू. सातवी पास. सोबतचं पुस्तक पुढ्यात उघडून, एकेक अक्षर शोधून, भात शिजेपर्यंत रोज दोन-दोन ओळी टाईप करत तिनं एक प्रोग्राम लिहिला. पाढ्यांचा खेळ. लिहिला माझ्यासाठी, कारण सुट्टीत मी तिच्याकडे असायचो आणि छत्तीस लिहायला सांगितलं की त्रेसष्ट लिहायचो. (तोंडानं म्हणताना सहा आधी येतो, मग लिहिताना आधी का नको, हे मला अजूनही नीट पटलेलं नाही.)

मागच्या मे महिन्यात काकूला जाऊन वर्ष होत होतं. वर्षश्राद्धाला महिना असताना काका रिक्षात तो कॉम्प्युटर घालून खांदा कॉलनीत आमच्याकडे आले. कॅसेट त्यांनी तांदळाच्या डब्यात जपली होती, ती ठणठणीत होती. कॉम्प्युटर मात्र चालू होत नव्हता. पडद्यावर नुसत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या.

काका म्हणाले, "बाल्या, फोटोन ती माज्याकरं नुसती बगते. कॅशेटीन ती बोलते. वरीसश्राद्धाला येकदा चालव. मंग बंद परला तरी चालंल."

 मी पंचवीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतोय. मी छाती पुढे काढून म्हणालो, काका, हे माझ्यासाठी काहीच नाही. काकांनी त्याच संध्याकाळी अख्ख्या भावकीला फोन करून सांगितलं की वर्षश्राद्धाला जेवून लगेच पळू नका, अनसूया बोलणार आहे.

बिघाड मला लवकर सापडला, तेवढं श्रेय मी घेतो. चालू झाल्यावर काय करायचं हे कॉम्प्युटरच्या ज्या चिपमध्ये लिहिलेलं असतं, ती मेली होती. तशी चिप आता कुणी बनवत नाही. पण तिच्यातला मजकूर जगभरच्या हौशी लोकांनी जपून ठेवलाय, आणि तो दुसऱ्या एका जुन्या जातीच्या चिपमध्ये भरून तिच्या जागी बसवता येतो. या चिपच्या पाठीवर काचेची लहानशी खिडकी असते. खिडकीतून अतिनील किरण आत सोडले की आधीचं सगळं पुसतं आणि चिप कोरी होते. मग ती एका छोट्या यंत्रात ठेवून नवा मजकूर भरायचा, आणि पुन्हा पुसू नये म्हणून खिडकीवर काहीतरी चिकटवायचं. संपलं.

मी ते यंत्र मागवलं आणि चार चिपा मागवल्या. चिपा आल्या त्या वापरलेल्या, कुठल्या तरी भंगारात गेलेल्या मशीनमधून काढलेल्या. म्हणजे आधी पुसणं आलं. अतिनील किरणांचा दिवा आमच्या घरात एकाच ठिकाणी होता. स्वयंपाकघरात, पाण्याच्या फिल्टरमध्ये.

आता यात माझं काय चुकलं ते सांगा. दिवा तोच, किरण तेच. सुनंदा, म्हणजे बायको, भाजी आणायला गेली होती. मी फिल्टर उघडला, काचेची नळी काढली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवली, तिच्याखाली एक चिप ठेवली आणि झाकण लावलं. वीस मिनिटांनी चिप स्वच्छ कोरी! मला इतका आनंद झाला की दुसरी चिप ठेवण्यासाठी मी डबा जरा जोरातच उघडला. नळी घरंगळली आणि फरशीवर तिचे तुकडे झाले. त्याच वेळी सुनंदा दारात आली. फिल्टर टिंव टिंव करून तक्रार करत होता, आणि मी हातात झाडू घेऊन उभा होतो. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण मी आपणहून झाडू हातात घेतलेला तिनं कधी पाहिला नव्हता. तिला एका नजरेत सगळं कळलं.

फिल्टरवाल्याला फोन केला. तो म्हणाला उद्या येतो. हे उत्तर तो पुढचे पंधरा दिवस न कंटाळता देत राहिला. त्या दिवसापासून गॅसवर मोठं पातेलं चढलं, आणि सुनंदा माझ्याशी फक्त पाण्याविषयी बोलू लागली.

पण एक चिप तर कोरी झाली होती! मी तिच्यात मजकूर भरला, कॉम्प्युटर उघडला, चिप जागेवर दाबून बसवली आणि बटण चालू केलं. पडद्यावर काहीच आलं नाही. वास मात्र आला. मी चिपवर बोट ठेवून बघितलं आणि बोट लगेच काढलं, तरी फोड आलाच. चिप मेली. कॉम्प्युटर वाचला, ते काकूचं पुण्य.

झालं होतं असं की प्रत्येक चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. ती कुठल्या बाजूला आहे हे बघून चिप बसवायची. दरवर्षी पहिल्याच प्रॅक्टिकलला मी साठ मुलांना ओरडून सांगतो, आधी खाच बघा. मी बघितली नव्हती. मी चिप उलटी घातली होती.

आता हे घरात कुणाला सांगणार? जेवताना आईनं विचारलं, काय झालं रे चिपंला. मी म्हणालो, दमट हवा. आपल्याकडची हवा खाडीची, चिपांना ती सोसत नाही, ओल धरतात. बोटाचा फोड? चहाचं पातेलं. माझी आई उरणकडची, आता ऐंशीला टेकलीय. तिनं सगळं मन लावून ऐकलं आणि मान डोलावली.

नव्या चिपा मागवल्या, तर पार्सल भिवंडीपर्यंत आलं आणि तिथेच रमलं. घरात उरलेल्या तीन चिपांमध्ये अजून दुसऱ्याचाच मजकूर होता आणि पुसायला दिवा नव्हता. त्या तिन्ही मी टीव्हीखालच्या खणात टाकल्या आणि पार्सलची वाट बघत बसलो. काका एक दिवसाआड फोन करायचे. "झाला काय रं?" मी म्हणायचो, होत आलंय. एकदा म्हणाले, मी नवीन शर्ट शिवायला टाकलाय, ती बोलणार तर मी जुन्या शर्टात कसा बसू. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

वर्षश्राद्धाला दोन दिवस उरले तेव्हा सकाळी मी खण उघडला. चिपा नाहीत. सुनंदानं न बोलता वर गच्चीकडे बोट दाखवलं.

गच्चीवर आईचं वाळवण होतं. जुन्या साड्यांवर पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या. आणि मिरच्यांच्या शेजारी, एका ताटात, ओळीनं मांडलेल्या माझ्या तीन चिपा. काचेची खिडकी वर, पाय खाली. पंधरा दिवस आई रोज सकाळी त्यांना वर आणत होती आणि उन्हं कलली की सांडग्यांबरोबर खाली नेत होती. मी रोज कामावर. एका चिपचा पाय वाकला होता आणि दुसरीवर मिरचीचं बी चिकटलं होतं.

मी ओरडलो. साधंसुधं नाही, शेजारच्या गच्चीवरच्या बाई पापड उचलून खाली गेल्या इतका ओरडलो. यातलं काही कळतं का, कशाला हात लावायचा, आता काकांना काय तोंड दाखवू, असं सगळं बोललो. आठवलं की अजून लाज वाटते.

आई ताट उचलत म्हणाली, "तूच बोललास ना, दमाट हाय म्हनून? दमाट झाल्यावर उनान टाकाचा नाय तं काय कराचा? डोला वर ठेवला, म्हंजी उन आत जाल."

मी तणतणत खाली आलो. नेमकं किती वाटोळं झालंय ते बघावं म्हणून पहिली चिप यंत्रात ठेवली. यंत्र म्हणालं, कोरी. दुसरी ठेवली. कोरी. तिसरीत थोडा मजकूर शिल्लक होता. तिच्यावर बहुतेक सांडग्यांची सावली पडत असावी. मग मी चिपांची माहितीपत्रिका काढली, जी मी सगळी वाचली आहे असं माझं मत होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: कडक उन्हात ही चिप साधारण आठवड्याभरात पुसली जाते. अतिनील किरणांचा दिवा घरात एकाच ठिकाणी नव्हता तर. एक रोज सकाळी गच्चीवर फुकट उगवत होता.

मी आईजवळ जाऊन म्हणालो, चिपा चांगल्या झाल्यात. ती कुरडया डब्यात भरत होती. म्हणाली, होतीलच, ऊन बगितल्यावर सगलाच चांगला व्हतं. 

चिप भरली. खिडकीवर चिकटवायला घरात धड कागद मिळेना. सुनंदानं कपाटातून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि त्यातली सगळ्यात मोठी मरून रंगाची टिकली स्वतः त्या काचेवर दाबून लावली. पंधरा दिवसांत ती पहिल्यांदा पाणी सोडून दुसरं काही बोलली. म्हणाली, "बरी दिसते."

आणि मी चिप बसवायला घेतली तेव्हा मागून आई म्हणाली, ही खाच हाय ती सगल्यांची एका अंगाला ठेवायची ना? मी ताटान तशाच ठेवायचे.  खाच बघितली आणि बसवली.

वर्षश्राद्धाला जासईच्या घरी जेवणं उरकली तशी सगळी भावकी ओटीवर दाटीवाटीनं बसली. जुना टीव्ही काकूच्या हार घातलेल्या फोटोखाली ठेवला होता. काका नव्या शर्टात सगळ्यांत पुढे. मी कॅसेट लावली. टेपरेकॉर्डर पाच मिनिटं किंचाळला, पोरांनी कान झाकले, काकांनी हात जोडले. मग आवाज थांबला आणि पडद्यावर ओळ आली. अक्षरं इंग्रजी, पण बोलणं काकूचं: बाल्या, जेवलास का?

 काका मान डोलावत हळूच म्हणाले, "व, जेवला तो." मला पुढचं नीट दिसेना झालं होतं.

खालची ओळ आली. सतरा आठे? काका म्हणाले, घाल रे, ती वाट बघते. मी डोळे पुसले आणि मनात म्हणालो, एकशे छत्तीस. एक दाबला. सहा दाबला. तीन दाबला.

कॉम्प्युटरनं जरा विचार केला आणि लिहिलं: बाल्या, उलटा टाकलास. परत टाक.

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. हसता हसता रडलेही, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, तशीच हाय, आजून तशीच हाय. सगळी भावकी हसत होती. फक्त आई हसत नव्हती. ती माझ्या बोटावरच्या फोडाच्या डागाकडे बघत होती.

"बाल्या," ती म्हणाली, "ती पयली चिप दमाट हवेनंच गेली ना रं?"

भावकीसमोर, काकूच्या फोटोसमोर मला सांगावं लागलं की ती मी उलटी घातली होती. सुनंदानं हात जोडून काकूच्या फोटोला मनापासून नमस्कार केला. मग काका म्हणाले, तिनं परत टाकायला सांगितलंय, ती थांबलीय. मी बटणांवर बोट नेलं आणि या खेपेला, पंचवीस वर्षांच्या अनुभवाला स्मरून, आधी आईला विचारलं: एकानंतर तीन की एकानंतर सहा?