खजूरच्या कानाचे रविवार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाय. बायकोला नाय, रेणूला तर नायच नाय. तुम्हाला का सांगतोय—मला बी माहीत नाय. थकलोय, एवढंच.

खजूर म्हणजे आमचा कुत्रा. रंग खजुराचा आणि कान इतके लांब की पाणी पिताना वाटीत बुडायचे. त्याला आणलं माझ्या मुलीनं, रेणूनं. नंतर तिला पुण्यात नोकरी लागली आणि खजूर इथं आमच्याकडं राहिला. बायकोला कुत्र्याचा वास सोसत नाय, ती चार हात लांब. म्हणजे त्याचं सगळं माझ्यावर.

त्याचा कान सारखा पिकायचा. बरा झाला म्हणेपर्यंत परत मान झटकणं, पायानं खाजवणं, तो आंबूस वास. शेवटी डॉक्टरांनी रेणूसमोर मला बसवून सांगितलं—अंघोळीआधी कानात कापूस घाला, नंतर कान कोरडे करा, दर रविवारी औषधानं साफ करा. कान चांगला दिसला तरी करा. रेणूनं पुण्याला जाताना फ्रिजशेजारचं कॅलेंडर दाखवलं. पप्पा, साफ केला की त्या रविवारावर टिक मारा, महिना संपला की मला फोटो पाठवा. अवघड होतं का यात काही? काहीच नाय.

पहिले तीन-चार रविवार केलं बी. खजूर विव्हळायचा, मान फिरवायचा, मला आतला मळ बघून किळस यायची. मग कान चांगला दिसायला लागला. म्हटलं, जाऊ द्या ना—बऱ्या कानात कशाला उगाच बोटं घालायची?

आणि अंघोळ? आमच्याकडं नळाला रोज पाणी येतंय कुठं. येतं त्या दिवशी नुसती धांदल—टाकी भरा, ड्रम भरा, गाडी धुवा, गेटपुढचा ओटा धुवा. त्याच पाइपानं मी खजूरला बी धुवायचो, डोक्यावरनं धो धो. कापूस? कोण शोधत बसतंय कापूस! नळाची घरघर ऐकू आली की तो पलंगाखाली शिरायचा. मी पट्ट्याला धरून ओढून आणायचो. हसायचो बी. कान तसेच ओले लोंबत राहायचे.

टिक मात्र मारली. प्रत्येक रविवारावर. वाळूजला कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. मशीनचं तेल-ग्रीस रोज बघायचं आणि तक्त्यात सही करायची, असा नियम. आम्ही शनिवारी बसून आख्ख्या आठवड्याचा तक्ता एका दमात भरायचो. एकाच पेनानं भरला तर साहेबाला कळतं, म्हणून खिशात दोन-तीन पेनं. तीच हुशारी घरी आणली. महिनाअखेर कॅलेंडरसमोर उभ्या उभ्या सगळे रविवार—एक निळ्या पेनानं, एक काळ्या, एक टिक मुद्दाम वाकडी. फोटो काढला, पाठवला. रेणूचं उत्तर यायचं, पप्पा तुम्ही ग्रेट आहात. मी ते वाचत चहा प्यायचो. लाज वाटायची का? खरं सांगू—नाय वाटायची.

मग दोन्ही कान पिकले, आणि या वेळी लई. रेणू रजा टाकून आली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, सफाई नियमित होती ना? मी तोंड उघडायच्या आत तिनं मोबाइल पुढं केला, एकेका महिन्याचा फोटो दाखवला. ''माझ्या पप्पांनी एक रविवार चुकवलेला नाही, डॉक्टर.''

तिथं बोलता आलं असतं. एक वाक्य. मी भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत बसलो.

डॉक्टरांना त्या खुणा खऱ्या वाटल्या. सफाई झालीय, म्हणजे दोष दुसरीकडं असणार—मग खाण्याची ॲलर्जी धरली. खजूरचं चिकन बंद, अंडं बंद, पोळी बंद. दोन महिने तेच ते बेचव खाणं. आम्ही जेवायला बसलो की तो ताटाकडं बघत बसायचा. आणि मी? तेव्हा तरी औषधाची बाटली हातात घेतली का? घेतली. पण कान इतका दुखत होता की तो शिवू देईना. आतली वाट सुजून बंद होत गेली. शेवटी ऑपरेशन करून दोन्ही कानांतली ती वाटच काढून टाकावी लागली. दुखणं गेलं. ऐकू येणं बी गेलं.

रेणू दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. म्हणाली, पप्पा, माझंच चुकलं, दिसायला गोड म्हणून लांब कानांचा घेतला मी. आणि मी—हेच सांगायचं होतं, इतका वेळ इकडंतिकडं फिरत बसलो—मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, ''व्हय बाळा, या कुत्र्यांचं असंच असतं.''

तिनं ते खरं धरलं. आजबी कुणी पिल्लू घ्यायला निघालं की सांगते, लांब कानांचं घेऊ नका, मी केलं तसं करू नका. ते कॅलेंडर तिनं जपून ठेवलंय. माझ्याच कपाटात, तिच्या हातानं.

काल सकाळी नळाला पाणी आलं. घरघर सुरू झाली, मी पाइप जोडला. खजूर पलंगाखाली पळाला नाय. ओट्यावर, माझ्या पायाशी, तसाच झोपून राहिला.