मी पाणी घालून वाढवलेला लव्हाळा

‘लव्हाळ्याचं तण उपटू नये’ असा हुकूम शेतीची पदवी घेतलेल्या माणसाने काढल्याचं आमच्या धंद्यात दुसरं उदाहरण नसावं. तो मी काढला होता. तोंडी नव्हे, लेखी. कार्बन लावून दोन प्रती, खाली सही.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. पन्नासचं दशक सरत आलेलं. पिंपरीच्या माळावर एक नवा कारखाना उभा राहिला होता आणि मी तिथे गार्डन सुपरवायझर होते. कॉलेजात आमच्या वर्गात मुली किती, तर मी. त्यामुळे आपल्याला अक्कल आहे असा माझा समज होता, आणि तो मी कुणापासून लपवत नव्हते. नोकरी टिकेपर्यंत स्थळं पाहायची नाहीत, असं वडिलांकडून कबूल करून घेतलं होतं. नोकरी सुटली की पोह्यांच्या बश्या सुरू.

नोकरी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होती. वर्क्स मॅनेजर कर्णिकसाहेब विलायतेचे कारखाने पाहून आले होते. तिथलं बाकी काही त्यांना इथे आणता आलं नाही, म्हणून त्यांनी लॉन आणायचं ठरवलं. ऑफिसच्या इमारतीपुढे मोठी मोकळी जागा, आणि तिच्यात तीन जुन्या चिंचा.

“खोडापर्यंत हिरवं पाहिजे, मिस सबनीस. मध्ये एक टिकली माती दिसता कामा नये. पाचव्या महिन्यात मुंबईहून चेअरमनसाहेब येतायत. लॉन झालं, की तुमचं कन्फर्मेशन. नाहीतर मला एखादा पुरुष माळी बघावा लागेल.”

“होईल, सर,” मी म्हणाले.

इथे थोडं सांगायला हवं. लॉन म्हणजे आपली हरळीच. गणपतीला ज्या दूर्वा वाहता त्याच. तिचे तुकडे ओल्या मातीत टोचले की ती पसरते. पण तिला निदान अर्धा दिवस ऊन लागतं. सावलीत ती आधी पिवळी पडते, मग विरळ होते आणि मग न सांगता निघून जाते. हे मला माहीत होतं. परीक्षेत त्यावर प्रश्नही आला होता. साहेबाला ‘नाही’ कसं म्हणायचं यावर मात्र पेपर नव्हता.

चिंचेखाली दोनदा हरळी टोचली. दोनदा गेली. मग मी दोष मातीवर टाकला. तीन पानी रिपोर्ट लिहिला आणि पवनेच्या काठचा पोयटा मागवला. पोयटा म्हणजे पुरात नदीने काठावर आणून टाकलेला गाळ. मऊ, काळाभोर, पाहताक्षणी प्रेमात पडावं असा. मी पडले. दहा गाड्या आल्या, उन्हातल्या भागात आणि चिंचांखाली सारख्या पसरायच्या होत्या.

खुरपणीला पिंपरी गावातल्या सहा बाया होत्या. सोनाबाई त्यांची मुकादम. ज्या जमिनीवर कारखाना उभा होता, ती तिच्याच घराची. जमीन गेली आणि बाया त्याच जमिनीवर खुरपं घेऊन मजुरीला आल्या. पहिल्या आठवड्यात मी या बायांना खुरपं कसं धरायचं ते शिकवलं होतं. त्यांनी शिकून घेतलं. मला वाईट वाटू नये म्हणून.

पहिली गाडी रिकामी झाली. सोनाबाईने मूठभर पोयटा उचलला, बोटांनी कुस्करला आणि थेट माझ्याकडे आली.

“बाई, ह्यो गाळ नगं.”

“का?”

“आवो, नदीकाठचा हाय. ह्याच्यात...”

“हे बघा सोनाबाई, काही सूचना असेल तर लेखी द्या. ऑफिसची तशी पद्धत आहे.”

 तिने मूठ झटकली, पदर खोचला आणि ती कामाला लागली.

बाराव्या दिवशी सगळ्या जागेवर हिरव्या सुया उभ्या राहिल्या. उन्हातही, चिंचांखालीही. मी एक काडी तोडून बोटांत फिरवली. गवताची काडी गोल फिरते. ही अडखळली. तीन धारांची होती. लव्हाळा.

लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण गवत नव्हे. जमिनीखाली त्याच्या काळ्या गाठी असतात, दोऱ्यात मणी ओवावेत तशा. वरची पात तोडली तर खालचा मणी नवी पात काढतो. दोरा तुटला तर प्रत्येक मणी आपापला संसार मांडतो. पहिले काही दिवस त्याला उन्हाचीही फिकीर नसते. गाठीत शिदोरी असते, तीवर तो सावलीतही वर येतो. नदीकाठच्या गाळात या गाठी भरलेल्या असतात, हे मावळातल्या पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक. मी बावीसची होते.

तेवढ्यात मागून टाळ्या. कर्णिकसाहेब.

“एक्सलंट! चिंचेखालीसुद्धा! नाव काय या गवताचं?”

मी खोटं बोलले नाही. “सायपेरस रोटुंडस, सर.”

लव्हाळ्याचं शास्त्रीय नाव तेच आहे.

“वा! बाहेरून मागवलं?”

“बाहेरूनच आलंय, सर.” पवना काही कारखान्यात नव्हती.

साहेब ते नाव पुटपुटत गेले. चेअरमन यायला तीन आठवडे होते. तेवढे दिवस हा हिरवा राहिला की कन्फर्मेशन, पुढचं पुढे. मी जाऊन तो हुकूम टाइप केला.

दुसऱ्या दिवशी बाया सवयीने खुरपायला बसल्या. मी धावत गेले.

“थांबा! उपटू नका!”

“बाई, ल्हवाळा हाय ह्यो,” सोनाबाई म्हणाली.

“माहीत आहे.”

“माहीत हाय?”

मी हुकूम वाचून दाखवला. चंद्राबाई म्हणून एक तोंडाळ बाई होती. ती म्हणाली, “आगं, बाईंनी पाळलाय त्यो. रोज वाटीभर दूध ठिवा त्याला.”

बाकीच्या सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. सोनाबाई मात्र हसली नाही.

“माज्या सासूनं बघितलं आसतं तर घरात घेतलं नसतं मला. मी ह्याला पानी घालनार न्हाई, बाई. मजुरी कापा.”

आणि ती मेंदीच्या कुंपणाकडे गेली. बाकीच्या तिच्यामागे. मग पाणी मीच घातलं. लव्हाळा कापला तर दोन दिवसांत दोन बोटं वर येतो, म्हणून हाताने ढकलायचं मशीनही रोज मीच फिरवलं. कंपनीत मी कष्टाळू म्हणून प्रसिद्ध झाले.

चेअरमनसाहेब आले. सूट, टाय, चकचकीत बूट. मागे सगळा स्टाफ. कर्णिकसाहेबांनी हात पसरला.

“सर, हे आपलं सायपेरस. सावलीतसुद्धा येतं.”

चेअरमन थबकले. पॅंटच्या इस्त्रीची पर्वा न करता खाली बसले. अंगठा मातीत खुपसला आणि पात मुळासकट वर काढली. खाली काळी गाठ लोंबत होती. ती त्यांनी हुंगली.

“कर्णिक, हा लव्हाळा. साताऱ्याकडं आमच्या मळ्यात ह्याच्यापायी माझ्या आईची कंबर मोडली. आणि तुम्ही ह्याला पाणी घालताय?”

कर्णिकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

मी सांगितलं. सावली, गाळ, लॅटिन नाव, हुकूम. सगळं.

“आणि असं का केलंत?” चेअरमननी विचारलं.

“कन्फर्मेशन होतं, सर.”

“मग आता चिंचेखाली काय येईल?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. हे वाक्य मी त्या नोकरीत पहिल्यांदाच उच्चारत होते. जरा जड गेलं.

मेंदीच्या कुंपणामागून सोनाबाईचा आवाज आला, “काय येनार तितं? आमचं खळं व्हतं त्या जागी. मळनी घालायचो. गवत येनारी जागा आसती तर खळं केलं आसतं व्हय आमी?”

चेअरमन मोठ्याने हसले. कर्णिकसाहेब हसले नाहीत, पण चेअरमन हसल्यावर त्यांना मला काढताही येईना. प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. अट एकच, लव्हाळा मी स्वतः बायांबरोबर बसून काढायचा.

चिंचांखालचं लॉन आम्ही सोडून दिलं. मुरूम टाकून चोपला, कडेला दगड लावले, बाकं ठेवली. पहिल्या पाळीचे कामगार तिथे भाकरी खाऊ लागले. चिंचांच्या घेराच्या कडेला खालच्या फांद्या उतरवल्या, तेव्हा तिरपं ऊन आलं आणि तिथे हरळी धरली. ती चार बोटं उंच ठेवायची. सावलीतल्या गवताला पात जास्त लागते. त्याची हजामत करायची नसते.

लव्हाळ्याचं काम दोन पावसाळे चाललं. जमीन ओली असताना खुरपं सरळ खाली घालायचं, दोरा तोडायचा नाही, एका मण्यावरून दुसऱ्यावर जायचं. पंधरा दिवसांत पुन्हा त्याच जागी. काढलेल्या गाठी खताच्या खड्ड्यात टाकायच्या नाहीत, खडकावर वाळवायच्या. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. सोनाबाईने माझं मनगट धरून खुरप्याचा कोन बदलला, तेव्हा कळलं.

आता नव्वदीला टेकले. मोशीत आमच्या सोसायटीची कमिटी परवा विचारायला आली होती, दोन बिल्डिंगांच्या मधल्या सावलीत कोणतं लॉन लावावं. म्हटलं, तिथे रोज झाडणाऱ्या बाईला आधी विचारा. त्यांना वाटलं, म्हातारी चळली.

कन्फर्मेशनचं पत्र पुढे मिळालं. पण माझं खरं कन्फर्मेशन त्याआधीच झालं होतं. एका दुपारी गाठी काढता काढता माझी कंबर धरली आणि डोकं फिरलं.

“सोनाबाई, तुम्हाला पहिल्या गाडीपासून माहीत होतं ना? मग सांगितलं का नाही?”

तिचं खुरपं थांबलं नाही.

“सांगाया आले व्हते की. तुमी म्हनला, लेखी द्या. मला कुटं लिवता येतंय? मग ल्हवाळ्यानंच दिलं लिवून. आता वाचत बसा.”