पहिलं तेल

रायपुरात थंडी उतरली की धुकं आधी तळ्यावर बसतं, मग हळूहळू गल्ल्यांत शिरतं. त्या सकाळी तुळशीराम गजभियेनं पुरानी बस्तीतल्या आपल्या गॅरेजचं शटर वर केलं, तेव्हा समोरची पानटपरीही नीट दिसत नव्हती. त्यानं बाहेर, पेट्रोलपासून लांब, मातीची गोरसी पेटवली, हात शेकले आणि झाडायला घेतलं. एकदा झाडून झाल्यावर लाकडाचा भुसा पसरून पुन्हा झाडलं. नवं बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी दुकानात कचऱ्याचा कण दिसला तर त्याला चहा गोड लागत नसे. मग त्यानं तेलाचा डबा काढून पायरीवर ठेवला. ऊन पहिलं तिथंच पडायचं, आणि थंडीनं काकवीसारखं झालेलं तेल जरा सैल व्हायचं.

इंजिन दीक्षा वासनिकचं होतं. पोट्टी पोलादाच्या कारखान्यात नोकरीला, आणि सुटीच्या दिवशी मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकल पळवणारी. भंगारातून उचललेल्या साडेतीनशे सीसीच्या गाडीचा सिलिंडर तुळशीरामनं मोठा करून घेतला होता, त्यात जास्त दाबाचा पिस्टन, झडपा जास्त उघडणारा चढा कॅम, सगळं नवं. येत्या रविवारी शर्यत होती. तेल कोणतं घालायचं हे दोघांनी आधीच ठरवलेलं: साधं खनिज तेल, जाडसर, कॅम झिजू नये म्हणून जस्त असलेलं.

तुळशीरामच्या दुकानात एक रीत होती, ती त्यानंच पाडलेली. त्याचा बाप नागपूरकडून रेल्वेत आलेला, घर बुद्धाचं. तुळशीरामनं दुकान काढलं तेव्हा लोक नव्या इंजिनावर फोडायला नारळ घेऊन यायचे. तो म्हणायचा, "नारळ घरी न्या, चटणी करा. इथं फक्त एक करायचं. पहिलं तेल घरच्या माणसाच्या हातानं ओतायचं." लोकांना ते आवडलं. मग कोणी बायकोला आणायचं, कोणी "हव भैया, दाई को लाता हूँ" म्हणून म्हाताऱ्या आईला रिक्षातून उतरवायचं.

दीक्षाकडून मात्र कोणी येईल असं त्याला वाटलं नव्हतं. ती ट्रॅकवर पडून खांद्याचं हाड मोडून घरी आली, तेव्हापासून तिची आई अंजनाबाई गाडीचं नाव काढत नव्हती, आणि कोणी काढलं तर उठून स्वयंपाकघरात जायची. म्हणून दीक्षाच्या मागोमाग इस्त्रीच्या पातळात अंजनाबाई पायरी चढली, तसा तो हातातलं फडकं तसंच धरून उभा राहिला.

"या ताई. बसा."

"बसते मंग. आधी हे घ्या." तिनं पिशवीतून चकचकीत डबा काढला. "काल मुद्दाम पंडरीच्या बजारात गेली होती. दुकानदाराले म्हटलं, सगळ्यात भारी दे, पोट्टीचं पयलं तेल आहे."

डबा खरंच भारी होता. पूर्ण सिंथेटिक, पाण्यासारखं पातळ, रेशमासारखं निसरडं. तुळशीरामनं तो उलटसुलट करून लेबल वाचलं. हे तेल आज घातलं तर पिस्टनवरच्या नव्या रिंगा सिलिंडरला घासणारच नाहीत. वरच्या वर घसरतील, सिलिंडर आरशासारखा गुळगुळीत होईल आणि इंजिन धूर ओकत बसेल. मग पुन्हा उघडा, पुन्हा घासा. रविवार हातचा जाईल.

दीक्षाला हे ठाऊक होतं. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, डाल दो ना. आई पहली बार आई है."

"अन् रविवार?"

"गया तो गया. इनको ना मत बोलो."

तुळशीरामनं पायरीवरच्या डब्याकडे पाहिलं. आत जाऊन हळूच तेल बदललं असतं तर बाईला कळलंही नसतं. तेल ते तेल, नरसाळ्यातून सगळं सारखंच दिसतं. पण मग ती ओतणार काय, आणि आपण सांगणार काय? आपणच पाडलेली रीत आपणच खोटी करायची, हे त्याच्या गळ्याखाली उतरेना.

"ताई," तो म्हणाला, "हे तेल आज नाही घालत मी."

अंजनाबाईनं पिशवीची घडी घातली. "नकली निघालं काय?"

"नाही. असली आहे. लय चांगलं आहे."

"मंग काहून?"

"आज इतकं चांगलं नाही लागत."

"वा भाऊ. नको चालवू, नको चालवू करून माह्या तोंडाले फेस आला. आता म्हटलं चालवतेच तर चालव बाई, तर तुमी म्हणता चांगलं नको." ती हसली नाही. दीक्षा भिंतीकडे पाहू लागली.

तुळशीरामनं मांडणीवरून दुसऱ्या गाडीचा, नुकताच घासून आणलेला सिलिंडर उचलला आणि तिच्यापुढं धरला. "आतून बोट फिरवा."

तिनं आधी बोट पदराला पुसलं, मग आत घातलं. "खरखरीत आहे. चिरा मारल्या काय?"

"मुद्दाम मारल्या, आडव्यातिडव्या. रिंगा नव्या, हे नवं. दोघं एकमेकाले घासतात तवाच बसतात. तुमचं तेल त्यायले घासूच देत नाही."

अंजनाबाई बोट फिरवतच राहिली. "आमच्याकडे पाट्याले टाकी लावून आणली का," ती कोणाला उद्देशून नाही अशी बोलली, "माही सासू पयल्या दिवशी मिरची वाटू देत नव्हती. आधी कोंडा वाट म्हणे, अन् फेकून दे. दगडाची कचकच निघते ना. चांगली चटणी वाटली तर वायाच जाते." तिनं मान वर केली. "असंच काय हे?"

"असंच. हे पयलं तेल आपण फेकूनच देतो. सगळी कचकच घेऊन निघते ते."

"मंग असं सांगाचं ना बावा. कवाचे रिंगा रिंगा करून राहिले." ती उठली. "कुठं आहे तुमचं कोंड्याचं तेल?"

दीक्षानं नरसाळं धरलं, अंजनाबाईनं ओतलं. धार जरा हलली, थोडं तेल इंजिनावर सांडलं, ते तिनं घाईघाईनं पदरानं पुसू नये म्हणून तुळशीरामनं फडकं पुढं केलं. इंजिन आधी नुसतं खोकललं, मग असं गरजलं की पानटपरीवाला बाहेर येऊन उभा राहिला.

"एका चालीनं नेऊ नको," तुळशीरामनं दीक्षाला बजावलं. "वाढव, सोड. वाढव, सोड. तवाच बसते ते."

दीक्षा गाडी घेऊन गेली. अंजनाबाई गोरसीजवळ चहा घेऊन बसली. तिनं विचारलं, "अजून पडते काय ती?"

"पडते. पयलेपेक्षा कमी."

बाईनं बशीतला चहा संपवला.

दीक्षा परतली, तोवर ऊन चांगलं वर आलं होतं. तुळशीरामनं गरम तेल थाळीत उतरवलं. त्यात बारीक चंदेरी चमक तरंगत होती. अंजनाबाई वाकून बघत राहिली. "हे पाह्य कचकच," तिनं लेकीला दाखवलं. मग त्याच जातीचं ताजं तेल भरलं, आणि बाईनं आपला भारी डबा पुन्हा पिशवीत घातला.

"हे कवा घालाचं?"

"शर्यत होऊन जाऊ द्या. इंजिन पुरतं बसलं का."

"मंग मीच येईन ओताले. माह्याशिवाय कोणी हात लावाचा नाही."

"हव," दीक्षा म्हणाली.

बाई रिक्षा बघायला रस्त्यावर गेली. दीक्षानं गाडी तिच्यापाशी नेऊन थांबवली आणि सीटवर जरा पुढं सरकली. जुनी दोघांची लांब सीट शर्यतीसाठी अजून काढायची होती. अंजनाबाईनं गाडीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, पातळ सावरलं आणि एका बाजूनं बसली. पिशवी मांडीवर घेतली.

"हळू ने."

"हळू चालत नाही ताई," तुळशीराम पायरीवरून म्हणाला. "वाढव, सोड करावं लागते."

"मले सांगू नका. आता समजते मले."

गाडी गल्लीच्या वळणावर गेली. आवाज वाढला, उतरला, पुन्हा वाढला. तुळशीरामनं थाळीतलं तेल पिंपात ओतलं, हात साबणानं घासून धुतले आणि शेजारच्या मंजिरी बाईंची स्कूटी आत ओढली. तिच्या मागच्या ब्रेकची वायर तुटली होती.